मागे कुणी नाही

त्या डोंगरवाटेवर तोंडानं बोलून भागत नाही, हातानं बोलावं लागतं. वाट एकच आणि तिच्यावरून जाणारे चार तऱ्हेचे: पायी जाणारे, घोड्यावरून जाणारे, सायकलवाले आणि क्वाडवाले. क्वाड म्हणजे चार जाड टायरांची, हँडलची उघडी गाडी. तिचा आवाज असा की स्वतःची शिंकसुद्धा ऐकू येत नाही, मग समोरच्याची हाक कुठली. म्हणून समोर माणूस दिसला की क्वाडवाल्यानं गाडी हळू करायची, डावा हात वर करायचा आणि आपल्या मागे जितक्या गाड्या आहेत तितकी बोटं दाखवायची. मागे तीन असतील तर तीन, दोन असतील तर दोन. ज्याच्या मागे कुणीच नाही, त्यानं मूठ दाखवायची. मूठ दिसली की कडेला उभ्या असलेल्यानं समजायचं, संपलं, आता वाट आपली.

ही भाषा राखणदारानं आपल्या बायकोला स्वयंपाकघरात शिकवली होती. ती भांडी घासत होती आणि तो दारात उभा राहून एकेक बोट मिटत होता.

"आणि हे काय?" त्यानं मूठ वळून विचारलं.

"ही मारामारी," ती म्हणाली.

"अगं, मारामारी नाही. म्हणजे मागे कुणी नाही, बिनधास्त निघ."

"आणि पहिल्यानं तीन दाखवले, दुसऱ्यानं एकदम मूठ दाखवली, तर? मधले काय खाली पडले?"

"तसं होतं कधीकधी. जथा तुटतो, कुणी मागे फिरतो. पुढच्यांना पत्ता नसतो. शेवटचा हात खरा. शेवटच्या हातावर विसंबायचं."

राखणदार म्हणजे त्या वाटेचा राखणदार. वीस वर्षं त्याचं काम तेच. पडलेल्या फांद्या उचलायच्या, पाण्यानं पाडलेले चर बुजवायचे, दगडांवरचे पुसट झालेले बाण पुन्हा रंगवायचे. फाटकाजवळची हातखुणांची पाटीही त्यानंच रंगवली होती. डोंगराच्या पलीकडे शिवणकामाचा कारखाना होता. तिथे त्याची बायको शर्टाच्या कॉलरी शिवायची. बसनं वळसा घेऊन गेलं तर सव्वा तास, वाटेनं चाळीस मिनिटं. ती वाटेनं जायची, घरी शिवलेल्या कॉलरींचा गठ्ठा खांद्याला अडकवून. नवऱ्यानं झाडलेल्या वाटेवरून गेलं की चपला मळत नाहीत, असं ती मैत्रिणींना सांगायची.

एका सकाळी ती चढणीच्या शेवटच्या वळणावर कडेच्या सपाट दगडावर उभी राहिली. समोरून पर्यटकांचा जथा उतरत होता. पहिल्यानं तीन बोटं दाखवली. दुसऱ्यानं दोन. तिसरा आला तो शेपूट.

शेपूट हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. तो मार्गदर्शक होता आणि अकरा वर्षं जथ्याच्या सगळ्यात मागे राहण्याचं काम त्याच्याकडे होतं. कुणी पडलं का, कुणी मागे राहिलं का, हे बघत यायचं. म्हणून शेपूट. माणूस हसरा, कामसू, राखणदाराला दादा म्हणणारा आणि त्याच्या बायकोला वहिनी. त्या दिवशी एक पर्यटक खिंडीत फोटो काढायला थांबला. खरं तर शेपटानं तिथेच थांबायला हवं होतं. पण पुढचे दोघे लांब गेले होते. "या हळूहळू," असं म्हणून तो पुढे निघाला. मग वळण आलं, वळणावर वहिनी दिसली आणि डावा हात वर गेला. अकरा वर्षं त्या हातानं त्या वाटेवर एकच आकार केला होता. त्यानं तोच केला.

तिनं मूठ पाहिली. दगडावरून उतरली. फोटोवाला वळणावरून आला.

तीन दिवस ती दवाखान्यात होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला शुद्ध आली. राखणदार उशाशी स्टुलावर बसला होता.

"मी बघितलं होतं हं," ती म्हणाली. "बघूनच निघाले. शेपटानं मूठ दाखवली."

"बोलू नकोस."

"नाहीतर तुम्ही म्हणाल, बघून चालत नाहीस."

एवढंच ती बोलली. तिसऱ्या दिवशी ती गेली.

पोलिसांच्या अहवालात मात्र वेगळंच लिहिलं होतं. 'मार्गदर्शकाने एक बोट दाखवून मागे गाडी असल्याची खूण केली असतानाही सदर महिला न बघता अचानक वाटेत आली.' राखणदारानं ते वाक्य तीनदा वाचलं. न बघता. जिनं आयुष्यभर दोऱ्याचा एक टाका तिरका जाऊ दिला नाही, ती न बघता. तो पोलीस ठाण्यात गेला, ती दवाखान्यात काय बोलली ते सांगितलं. अधिकारी चांगला होता, त्यानं खुर्ची दिली. पण म्हणाला, "काका, हे ऐकणारे तुम्ही एकटेच. पुढच्या दोघांनी मागे वळून पाहिलं नाही, पर्यटकाला काही आठवत नाही. उरला एक माणूस आणि तो बोट म्हणतो."

मग तो त्या एका माणसाकडे गेला. शेपूट शेडमध्ये नळी धरून क्वाड धूत होता. राखणदाराला बघून त्यानं पाणी बंद केलं.

"कुठला हात वर केलास?" राखणदारानं विचारलं.

"डावा, दादा."

"काय दाखवलंस?"

"एक बोट."

"कुठलं?"

शेपटानं हाताकडे असं पाहिलं, जणू हातालाच विचारतोय. मग पहिलं बोट वर केलं. त्यावरून पाणी ठिबकत होतं. "हे. वहिनींच्या डोळ्यावर ऊन आलं असेल, दादा. माणसाला कधी भलतंच दिसतं."

"त्या वळणावर सकाळी ऊन येत नाही," राखणदार म्हणाला. "वीस वर्षं झाडतोय मी तिथे."

शेपटानं पुन्हा नळ सोडला आणि जे टायर धुऊन झालं होतं, तेच पुन्हा धुवायला घेतलं.

त्या दिवसापासून राखणदाराला दुसरं काही सुचेना. फोटोवाल्यावर त्याचा राग नव्हता. तो नवखा माणूस, रडून रडून सुजला होता, त्याला शिक्षा व्हायची ती होत होती. राग होता तो त्या एका बोटावर. हात चुकला, हे त्यानं एक वेळ गिळलंही असतं. पण चुकलेल्या हाताची घाण शेपटानं तिच्या डोळ्यांवर टाकली आणि स्वतः मोकळा झाला. कारखान्यातल्या बायकासुद्धा हळहळत म्हणायच्या, "बिचारी, तंद्रीत असेल." हे ऐकलं की राखणदाराच्या दाताखाली खडा यायचा.

सूड कसा घ्यायचा, यावर तो सात महिने विचार करत होता. फांद्या तोडताना, चर बुजवताना, भात कुकरला लावून तीन शिट्ट्या मोजताना. शेपटाच्या गाडीचा एखादा नट ढिला करणं सोपं होतं. शेडची एक किल्ली त्याच्याकडेच असायची. पण त्यात काय मजा? माणूस मरेल आणि कशानं मेला ते त्याला कळणारसुद्धा नाही. राखणदाराला त्याला मूठ दाखवायची होती. त्याच दगडावरून. त्यानं पाहावं, विश्वास ठेवावा आणि खाली उतरावं. बस, एवढंच.

संधी आपल्या पायानं चालत आली, तीही घोडेवालीच्या तोंडून. घोडेवाली म्हणजे वाटसमितीची अध्यक्षा. पाच घोडी, दोन गुडघे निकामी आणि जीभ मात्र ठणठणीत. अपघातानंतर अर्धी समिती म्हणत होती, क्वाडना वाट कायमची बंद करा. क्वाडमुळे सगळ्यात जास्त जाच जिच्या घोड्यांना, तीच विरोधात उभी राहिली.

"बंद केलीत तर थांबतील होय?" ती बैठकीत म्हणाली. "झाडीतून चोरवाटा पाडतील. आज निदान कुठून येणार ते माहीत असतं. फाटक लावून अक्कल येत नाही, शिकवून येते. प्रत्येक मार्गदर्शकानं दोन दिवस शिकायचं, मगच बिल्ला. बिल्ला नाही तर गाडी वाटेवर नाही. आणि शिकवायला आपले राखणदार भाऊ आहेत. त्यांच्याइतकं या वाटेचं कुणाला कळतं?"

मग तिचा आवाज खाली आला. "जमेल का हो, भाऊ? नाही म्हणालात तरी चालेल."

"जमेल," राखणदार म्हणाला. इतक्या पटकन, की घोडेवालीला वाटलं, भाऊ सावरले.

पहिला दिवस चांगला गेला, हे त्यालाही कबूल करावं लागलं. शिकायला चौघे होते. दोन मार्गदर्शक, ते सख्खे भाऊ होते आणि एकमेकांशिवाय कुणाशी भांडायचे नाहीत. तिसरा शेपूट. चौथा गॅरेजवाला, राखणदाराचा जुना दोस्त. तो दुरुस्त केलेल्या गाड्या वाटेवर पळवून बघायचा, म्हणून त्यालाही बिल्ला घेणं भाग होतं.

"मला काय शिकवतोस?" गॅरेजवाला म्हणाला. "मी गाडी आवाजावरून ओळखतो."

"आणि गाडीखालचा माणूस? तोही आवाजावरूनच?" राखणदार म्हणाला. शेपूट पायाखालची माती बघायला लागला.

घोडेवालीनं आपली सगळ्यात भित्री घोडी आणली होती. घोडं समोरून आलं तर काय करायचं, ते तिनं दाखवलं. उताराच्या बाजूला थांबायचं. इंजिन बंद. डोक्यावरचं हेल्मेट काढायचं आणि काहीतरी बोलायचं.

"बोलायचं काय?" थोरल्या भावानं विचारलं.

"काहीही. तुझ्या तोंडाकडे बघून तिला कळलं पाहिजे की हे माणूस आहे. तुझ्या बाबतीत जरा वेळ लागेल."

धाकटा भाऊ एवढा हसला की घोडी बिचकली आणि धडा पुन्हा पहिल्यापासून घ्यावा लागला. मग राखणदारानं चढणाऱ्याला वाट कशी द्यायची ते शिकवलं, ओल्या मातीत चाक फिरवून खड्डे का पाडायचे नाहीत ते सांगितलं, कडेच्या गवतावर गाडी घातली की तीन पावसाळे तिथे गवत उगवत नाही हेही सांगितलं. शिकवताना त्याचा आवाज कुठे हलला नाही. शेपटाला त्यानं दोनदा शाबासकीसुद्धा दिली. बोकडाला आधी चारा घालतात, तशी.

संध्याकाळी सांगितलं, "उद्या जथ्याचा सराव. तिघे पुढे-मागे गाडीवर, एक जण पायी, वळणावरच्या दगडावर. आळीपाळीनं. पायी चालणाऱ्याला काय दिसतं ते प्रत्येकाला कळलं पाहिजे. मीही एक गाडी घेतो, म्हणजे चार होतील."

"पहिला पायी कोण?" धाकट्यानं विचारलं.

"शेपूट," राखणदार म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं सगळं मोजून मापून केलं. वेळ तीच, सकाळची पावणेआठ. वळण तेच, दगड तोच. शेपटाच्या खांद्याला पिशवी दिली, कॉलरींच्या गठ्ठ्याएवढी जड. "ओझं असलं की माणूस कसा वळतो, ते कळेल," म्हणाला. शेपटानं ती निमूटपणे खांद्याला अडकवली आणि चालत पुढे निघून गेला. गाड्यांचा क्रमही ठरलेला. पुढे थोरला, मग धाकटा, मग राखणदार, शेवटी गॅरेजवाला.

खिंडीत त्यानं गॅरेजवाल्याला थांबवलं. "तू लगेच निघू नकोस. आम्ही पुढे गेलो की शंभर आकडे मोज, मग ये. आणि जरा दाबून ये, या गाडीचं इंजिन उतारावर धाप टाकतंय का बघायचंय."

"वळणावर शेपूट आहे ना?"

"त्याला मी खूण करतो. तो हलणार नाही. तू वळणाची काळजी करू नकोस."

खोटं बोलणं किती हलकं असतं, ते त्याला तेव्हा कळलं. जिभेला वजनच लागत नाही. गॅरेजवाला बिचारा हातमोजे चढवत आकडे मोजायच्या तयारीला लागला. उद्या हाही स्टुलावर बसून रडेल, हे राखणदाराच्या मनात आलं. त्यानं ते बाजूला सारलं, वाटेवरची फांदी सारावी तसं.

उतार सुरू झाला. पुढे थोरला वळणावर पोचला, गाडी हळू केली, तीन बोटं वर. धाकटा पोचला, दोन. राखणदाराला दगडावर उभा असलेला शेपूट दिसला. पिशवी उजव्या खांद्यावर, अंग जरा त्याच बाजूला कललेलं. तीही अशीच कलायची.

त्यानं गाडी हळू केली. उजवा अंगठा गॅसवर होता, डावा हात मोकळा होता. हात वर गेला. या क्षणी पहिलं बोट काढलं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं. त्यानं ते काढलं नाही. त्यानं शेपटाच्या डोळ्यांत बघून मूठ आवळली, सात महिने आवळून धरली होती तशी, आणि पुढे निघून गेला.

वळणापलीकडे पन्नास पावलांवर त्यानं गाडी उभी केली, इंजिन बंद केलं आणि कान दिले. वरून गॅरेजवाल्याची गाडी येत होती. दाबून येत होती, सांगितलं होतं तशी. राखणदार ब्रेकच्या किंचाळीची वाट बघत होता. आवाज वाढला, वळणावर आला, ब्रेक थोडा कुरकुरला आणि आवाज पुढे सरकला. गॅरेजवाला त्याच्या शेजारून धुरळा उडवत गेला आणि खाली जाऊन थांबला.

आधी त्याला वाटलं ते असं: फसवलं. आपल्याला कुणीतरी फसवलं. मग तो गाडीवरून उतरला.

तो चढून वळणावर आला. शेपूट दगडावरच उभा होता. पिशवी अजून खांद्यावर. चेहरा मातीच्या रंगाचा झालेला.

"उतरला नाहीस," राखणदार म्हणाला.

"तीन, दोन आणि मूठ," शेपूट म्हणाला. "दादा, हा क्रम मला पाठ आहे. रोज झोपेत तोच येतो. तुम्ही मधलं एक गाळलंत तेव्हाच कळलं, मागे कुणीतरी आहे."

राखणदार बघत राहिला. वेळ तीच, वळण तेच, दगड तोच, बोटंही तीच. सूड हुबेहूब व्हावा म्हणून त्यानं सगळं जसंच्या तसं जुळवलं होतं. आणि जगात एकच माणूस असा होता की ज्याला ते जसंच्या तसं ओळखू येणार होतं. त्याच माणसाला त्यानं दगडावर उभं केलं होतं. दुसरा कुणीही असता तर शेवटच्या हातावर विसंबून खाली उतरला असता.

तोवर खालून गॅरेजवाला धापा टाकत आला, त्याच्यामागे दोघे भाऊ. घोडेवाली घोडीचा लगाम धरून हळूहळू चढत होती, तीही पोचली.

"डोकं फिरलंय का तुझं?" गॅरेजवाला ओरडला. "म्हणालास काळजी करू नकोस! हा पठ्ठ्या अगदी कडेवर उभा! एक पाऊल पुढे टाकलं असतं तर? याला खूण केली नव्हतीस?"

"केली," राखणदार म्हणाला.

"काय दाखवलंस?"

घोडी नाक फुरफुरत होती. भावांनी मागे वळून पाहिलं नव्हतं. घोडेवाली खाली होती. पाहणारा एकच होता. त्यानं मूठ म्हटलं असतं आणि राखणदारानं एक बोट म्हटलं असतं, तर सगळ्यांनी कुणाचं ऐकलं असतं? वीस वर्षांचा राखणदार, त्यात ज्याची बायको गेली तो. आणि समोर शेपूट. 'एक बोट' हे दोन शब्द जिभेवर तयार होते. राखणदारानं शेपटाकडे पाहिलं. शेपूटही त्याच्याकडेच बघत होता आणि त्याच्या डोळ्यांत भीती नव्हती, विनवणी होती. बोला दादा, तेच बोला, मग आपण दोघे सारखे.

ते खोटं उष्टं होतं. दुसऱ्यानं खाऊन ठेवलेलं. राखणदाराला त्याची शिसारी आली.

"मूठ दाखवली," तो मोठ्यानं म्हणाला. "मागे तू येतोयस हे मला माहीत होतं. तुला थांबता येऊ नये म्हणून मी तुला दाबून यायला सांगितलं. हा उतरावा आणि तुझ्या चाकाखाली यावा म्हणून दाखवली. कुणी चुकून म्हणू नका. चुकून नाही."

गॅरेजवाल्याचं तोंड उघडं राहिलं. "माझ्या हातून?" तो म्हणाला. "अरे, माझ्या हातून?" आणि मटकन खाली बसला.

"भाऊ, काय बोलताय हे?" घोडेवाली म्हणाली.

"खरं बोलतोय. माझं झालं." त्यानं शेपटाकडे बोट केलं. "आता याचं."

सगळ्यांच्या माना शेपटाकडे वळल्या. शेपटानं पिशवी खांद्यावरून काढली, दगडावर ठेवली, पुन्हा उचलली. त्याला हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

"याचं काय?" धाकट्यानं विचारलं.

"मीही," शेपूट म्हणाला.

"मीही काय?" राखणदार म्हणाला. "नीट सांग. मी सांगितलं तसं सांग."

"मीही मूठच दाखवली."

"कुणाला?"

"वहिनींना."

"मागे कोण होतं?"

"तो फोटोवाला."

"माहीत होतं?"

"माहीत होतं, दादा. पण हात... हाताला सवय. आणि नंतर घाबरलो. पोलिसांनी विचारलं तर तोंडातून एक बोट निघालं. मग तेच धरून बसलो."

"तिनं बघितलं होतं की नाही?"

शेपूट रडायला लागला.

"रडणं नंतर. बघितलं होतं की नाही?"

"बघितलं होतं. थांबल्या होत्या. माझ्याकडे बघून हसल्या. मूठ बघितली आणि मगच उतरल्या."

घोडेवालीनं लगाम हातावर गुंडाळला आणि दुसरीकडे तोंड केलं. थोरल्या भावानं डोक्यावरचं हेल्मेट काढलं, ते तसंच हातात धरून उभा राहिला.

"आणखी एकदा सांग," राखणदार म्हणाला. "घोडीला ऐकू गेलं नाही."

"पुरे, भाऊ," घोडेवाली म्हणाली.

"पुरे कसं? सात महिने साऱ्या गावानं ऐकलं, ती न बघता आली. आता हे एकदा ऐकून पुरे?"

त्याच दिवशी दुपारी ते दोघे पोलीस ठाण्यात गेले, घोडेवाली मधे बसून. अधिकाऱ्यानं दोघांचं लिहून घेतलं. शेपटाच्या जबाबावरून जुनं वाक्य खोडलं गेलं आणि राखणदाराच्या जबाबावरून नवं प्रकरण उभं राहिलं. गॅरेजवाल्यानं तक्रार द्यायला नकार दिला, पण बोलणंही सोडलं. रस्त्यात दिसला तर पलीकडच्या कडेला जातो. समितीनं राखणदाराच्या हातातून शिकवणं काढून घेतलं, शेडची किल्ली काढून घेतली, गाडीवर बसायला बंदी केली. त्यानं कुठेही कुरकुर केली नाही. शिकवणं घोडेवालीकडे गेलं.

शेपटाचं काय करायचं, यावर मात्र समितीत दोन तास जुंपली. कुणी म्हणालं, कायमचा काढा. कुणी म्हणालं, वर्षभर. शेवटी घोडेवालीनं राखणदाराला बोलावून विचारलं, "तुमची बायको गेली. तुम्ही सांगा."

"काढू नका," तो म्हणाला.

सगळ्यांना बरं वाटलं. शेपूट हात जोडायला लागला.

"काढू नका. त्याला काम करू द्या. फक्त रोज, प्रत्येक जथ्याला, गाड्या सुरू व्हायच्या आधी, फाटकावर उभं राहून त्यानं सांगायचं. मी मूठ दाखवली. मागे एक होता. मला माहीत होतं. त्या बघूनच उतरल्या. मग मी खोटं बोललो. हे सगळं. लहान मुलं असली तरी. परदेशी असले तर त्यांना समजेल अशा भाषेत. आणि मग हाताच्या खुणा शिकवायच्या. मूठ दिसली तरी दहा आकडे मोजायचे, कान द्यायचे, मगच पाय टाकायचा, हेही सांगायचं."

"भाऊ," घोडेवाली हळूच म्हणाली, "ही शिकवण नाही. हा सूड आहे."

"आहेच," राखणदार म्हणाला. "मी कधी नाही म्हटलं?"

समितीनं ठराव लिहून घेतला. तेव्हापासून वाटेवर एकही माणूस जखमी झालेला नाही. लोक म्हणतात, ते बोलणं ऐकल्यावर पर्यटकांचा गॅसवरचा अंगठा आपोआप हलका होतो. दुसऱ्या डोंगरावरचे लोकही बघायला येऊन गेले, त्यांनाही आपल्याकडे असंच काही करायचं आहे. फक्त त्यांच्याकडे सांगणारा कुणी नाही. राखणदाराला या कौतुकाशी देणंघेणं नाही. तो रोज सकाळी हातात फावडं घेऊन चालत फाटकावर येतो आणि पर्यटकांच्या मागे, शेपटाला दिसेल असा, उभा राहतो.

परवा बाराजणांचा जथा होता. घाईत होते, आभाळ भरून आलं होतं. शेपटानं भरभर सांगितलं आणि खुणांकडे वळला.

"थांबल्या होत्या, ते राहिलं," मागून राखणदार म्हणाला.

पर्यटकांनी वळून पाहिलं. एका बाईनं विचारलं, "हे कोण?"

शेपटानं हात मागे बांधले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.